बाटलीचं बूड आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. सोसायटीने दिवाळीला वाटलेल्या स्टीलच्या बाटलीला चार महिन्यांत बुडाशी गंज चढला, चिनी माल असाच असतो, तो देशात येऊच देऊ नये, असा त्याचा सूर. ती बाटली माझ्या दुकानातली नसावी अशी आशा करते, पण छातीठोकपणे सांगत नाही. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं घाऊक दुकान आहे आणि अकरा-बारा वर्षं मी चीनमधून बाटल्या, डबे, थर्मास मागवले. त्या गंजाशी माझी जुनी ओळख आहे. पत्र लांबेल, कापायचं असेल तर माझी प्रवासवर्णनं कापावीत, आकडे ठेवावेत.

आधी ती बाटली पालथी करा. रंग अंगावर असतो, बुडाशी एक उघडी कडा राहते. गंज तिथेच दिसतो. बाटलीला दोन भिंती असतात, मधली हवा काढलेली. आतली भिंत पाण्याला लागते, बाहेरची हाताला. स्टीलच्या दोन जाती या धंद्यात सतत कानावर येतात. ३०४, म्हणजे साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. आणि २०१, ज्यात महाग निकेल निम्म्यावर आणून त्या जागी साडेपाच ते साडेसात टक्के मँगनीज घातलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. चुंबक चिकटला नाही की स्टील अस्सल, असा आपल्याकडे समज आहे. २०१ ला सुद्धा चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक आणि चुंबक दोघंही फसतात. कोरड्या हवेत २०१ वर्षानुवर्षं टिकतं. खारी हवा किंवा ओल लागली की बुडाशी तांबूस ठिपके धरतात.

हे मला कसं कळलं ते सांगते.

मी या दुकानाची सून. माहेरून बीएस्सी केमिस्ट्री घेऊन आले आणि पंधरा वर्षं उधारीची वही लिहीत बसले. आमच्या बाजारात तांबं-पितळ किलोवर विकलं जायचं, अजून जातं. मामंजी कुठलंही भांडं हातात आलं की आधी काट्यावर ठेवायचे, मग बोलायचे. पुढे स्टीलच्या बाटल्यांची मागणी वाढली, मुंबईचा मधला व्यापारी वाटेल तो भाव लावू लागला, तेव्हा मी आयात-निर्यातीचा कोड काढला आणि २०१२ च्या शरदात ग्वांगझूच्या कँटन फेअरला गेले. हे प्रदर्शन १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतं. तिथे तीन दिवस चालून पायाचे तुकडे पडले. मग यीवू, किरकोळ वस्तूंच्या घाऊक बाजाराचं शहर, आणि तिथून गाडीने तासाभरावर योंगकांग. झेजियांग प्रांतातलं हे गाव थर्मास-बाटल्यांचं आहे, जसं आपलं इचलकरंजी कापडाचं. एका गल्लीत नळ्या कापणारे, पुढच्या गल्लीत झाकणं करणारे, त्याच्या पुढे रंगवाले. बॅगेत थेपले, मेतकूट आणि वाटायला नाशिकचा चिवडा होता.

तिथे पहिली गोष्ट शिकले ती ही की जो स्वतःला कारखाना म्हणवतो तो कारखाना असेलच असं नाही. यीवूच्या एका माणसाने मला छान फिरवून कारखाना दाखवला. तो त्याचा नव्हताच, मेव्हण्याचाही नव्हता. चिनी कंपनीच्या परवान्यावर अठरा अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो आणि ती कंपनी काय करते तेही लिहिलेलं असतं, उत्पादन की नुसता व्यापार. तो कागद मागायचा आणि भाषांतर करून वाचायचा. पैसे त्याच कंपनीच्या खात्यात जायला हवेत, कुणाच्या खासगी खात्यात नाही. दलाल वाईट असतो असं नाही. पण तो दलाल आहे हे आपल्याला माहीत असावं, कारण बिघडलेल्या मालाबद्दल बोलायला गेलं की तो फक्त निरोप पोचवतो.

मला शेवटी भेटला तो नवरा-बायकोचा कारखाना होता. नवरा यंत्रं बघायचा, व्यवहार बायको. अशा मालकिणीला तिकडे 'लाओपान-न्यांग' म्हणतात. आपल्याकडे 'शेठाणी' म्हणतात त्यात थोडा टोमणा असतो, त्यात तो नसतो.

२०१४ च्या दिवाळीसाठी मी ९,६०० बाटल्यांची ऑर्डर दिली. पाचशे मिली, पन्नासचं एक खोकं, १९२ खोकी. त्यांनी नगाला २.६० डॉलर सांगितले. मी दोन दिवस घासाघीस करून २.२५ वर आणले. पस्तीस सेंट गुणिले ९,६००, म्हणजे ३,३६० डॉलर. हॉटेलात परत येऊन थेपला खाताना मी दोन लाख वाचल्याचा हिशेब वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. शेवटचा दर ठरताना विक्रीतल्या मुलीने एकदाच विचारलं होतं, "सेम क्वालिटी?" मी म्हणाले, "येस येस, सेम क्वालिटी." तिने मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीने मान हलवली. इतका दर उतरवल्यावर नेमका कुठला भाग हलका करू, असं ती मला विचारत होती. मला ते ऐकूच आलं नाही.

माल आला, देखणा होता, आठवड्यात उठला. फेब्रुवारीत रत्नागिरीच्या व्यापाऱ्याचा फोन. "वहिनी, तळाला तांबूस ठिपके आलेत, लोक परत आणून देतायत." एक बाटली मागवली आणि हॅकसॉने उभी कापली. अर्धा तास लागला आणि हाताला फोड आला. मँगनीज ओळखायचं एक द्रावण मिळतं. त्याचा थेंब स्टीलवर टाकायचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीची एक वायर स्टीलला, दुसरी थेंबात, आणि काही सेकंद थांबायचं. आतल्या भिंतीवर थेंब जसाच्या तसा. बाहेरच्या भिंतीवर तो लाल झाला, कुंकवाचं पाणी असावं तसा. दुकानातला पोरगा म्हणाला, "काकू, रक्त आलं की."

मी चीनला तावातावाने लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. तुमच्या ऑर्डरवर '३०४ स्टील' लिहिलेलं आहे. आत ३०४ आहे. बाहेरचं लिहिलेलं नाही.

पुन्हा ऑर्डर काढून वाचली. खरंच लिहिलेलं नव्हतं. त्या दरात आत ३०४ आणि बाहेर २०१ हाच तिथला रिवाज आहे, आणि पस्तीस सेंट मी स्वतःच्या हाताने त्या बाहेरच्या भिंतीतून काढून घेतले होते. नमुना म्हणून दिलेली बाटली दोन्हीकडून ३०४ होती हेही खरं. नमुने वेगळ्या खोलीत, वेगळा कारागीर, सावकाश करतो. तेव्हा दोष कुणाचा? मी अर्धा माझ्याकडे ठेवते. रत्नागिरीच्या व्यापाऱ्याचे पैसे परत केले आणि वहीतल्या त्या दोन लाखांवर काट मारली.

ज्यांना वाटतं की बँकेतून एलसी, म्हणजे माल पाठवल्याचे कागद आले की पैसे देण्याची बँकेची हमी, उघडली की माल सुरक्षित, त्यांना एक सांगते. एलसीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतल्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. कागद बिनचूक असतील तर खोक्यात विटा असल्या तरी पैसे जातात. आणि कोर्टात जायचं म्हटलं तर तेरा लाखांच्या मालासाठी कुठल्या देशात, कुठल्या भाषेत, किती वर्षं?

हे फक्त माझ्यासारख्या किरकोळ लोकांचं होतं असंही नाही. २००७ साली मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवली, तेव्हा जगभर चीनच्या नावाने ओरड झाली. शिसं असलेल्या रंगाची तक्रार खरीच होती, आणि तसा रंग लावलेली खेळणी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाने आत्महत्या केली. पण परत मागवलेला बराच मोठा माल सुट्या होणाऱ्या लोहचुंबकांमुळे होता, आणि तो दोष कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅटेलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन तसं कबूल केलं आणि माफी मागितली. ओरड लक्षात राहिली, माफी राहिली नाही.

त्यानंतर मी ऑर्डर देण्याची पद्धत बदलली. एका ओळीच्या जागी तीन पानं झाली. आतली भिंत ३०४, बाहेरची ३०४, जाडी किती, झाकणातली रबरी रिंग सिलिकॉनची, वास येता कामा नये, आणि भरीव अक्षरांत वजन, रिकाम्या बाटलीचं २७२ ग्रॅम, पाच ग्रॅम इकडेतिकडे. चिनी भाषांतर सोबत. फोटोवर बाण. तीन नमुने पिशवीत घालून, दोघींच्या सह्या करून मोहोरबंद. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक तपासणाऱ्याकडे. आणि तीस टक्के आगाऊ, सत्तर टक्के तपासणी पास झाल्यावर. हे सत्तर टक्के आपल्या हातात आहेत तोवर आपलं ऐकलं जातं. नंतर उरतात ते ईमेल.

तपासणी म्हणजे काय ते इथे बऱ्याच व्यापाऱ्यांनाही माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. ९,६०० पैकी सगळ्या कुणी बघत नाही. एक आंतरराष्ट्रीय कोष्टक आहे, मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने दारूगोळा तपासायला जी पद्धत बसवली तिच्यातून आलेलं. त्याच्या नेहमीच्या पातळीनुसार ३,२०१ ते १०,००० नगांच्या मालातून २०० नग काढायचे. मोठा दोष, म्हणजे गळती, पोचा, थंड पडणारी बाटली, अडीच टक्क्यांची मर्यादा धरली तर कोष्टकाप्रमाणे दोनशेत दहापर्यंत चालतो (नमुनाच तपासतात म्हणून कोष्टक सरळ टक्केवारीपेक्षा थोडी सूट देतं). अकरावा सापडला की सगळा माल नापास. जिवाला धोका होईल असा दोष एकही नको. तपासणाऱ्या संस्थेचा माणूस एका दिवसाचे दोनशे ते तीनशे डॉलर घेतो. आमच्यासारख्यांना ते जड वाटतात आणि तिथेच आपण काटकसर करायला जातो.

२०१५ च्या जुलैमध्ये मी स्वतः त्या तपासणीला उभी राहिले. पहिली गोष्ट, दोनशे बाटल्या कुठल्या ते कारखान्याने ठरवायचं नसतं. दाराजवळ ठेवलेली वरची खोकी हमखास सुंदर असतात. त्या माणसाने भिंतीकडची, तळातली, मधली अशी चौदा खोकी स्वतः काढायला लावली आणि त्यांवर पेनाने खूण केली. मग उकळतं पाणी भरून बाटल्या ओळीने उभ्या केल्या आणि पाच मिनिटांनी तो प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवत गेला, आई तापलेल्या पोरांच्या कपाळावरून फिरवते तसा. जिथे बाहेरून ऊब लागते तिथे मधली पोकळी गेलेली. पट्टी आणि पातं घेऊन रंगावर मिलिमीटर-मिलिमीटरची जाळी ओरखडली, त्यावर चिकटपट्टी दाबून खसकन ओढली. चौकोन पट्टीबरोबर आले तर रंग कच्चा. भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवून खाली टिपकागद. शेवटी एक भरलेलं खोकं दोन फुटांवरून दहा वेळा टाकलं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा बाजूंवर. हे सगळं होईस्तोवर माझे श्वास मोजून घेण्यासारखे झाले होते.

अकरा निघाल्या.

मालकीण माझ्याजवळ आली. अकरावीवरचा ओरखडा तिच्या मते किरकोळ दोषात धरता आला असता. जहाज निंगबो बंदरातून तीन दिवसांनी सुटणार होतं. ती चूक बोलत नव्हती, ओरखडा खरंच सीमेवरचा होता. मी त्या बाटलीकडे बघत राहिले आणि मला रत्नागिरीचा फोन आठवला. नापास म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर मालकीण स्वतः स्टुलावर बसून, बाह्या सारून, बायकांच्या रांगेत बाटल्या निवडत होती. दोन दिवसांत अख्खा माल पुन्हा निवडला गेला. जहाज चुकलं, पुढचं आठवड्याने मिळालं. ऑर्डर एप्रिलमध्ये दिलेली असल्यामुळे दिवाळी चुकली नाही. जे जूनमध्ये ऑर्डर देतात त्यांना नापास म्हणण्याची चैन परवडत नाही, म्हणून ते पास म्हणतात आणि मग आपल्याकडे पत्रं लिहिली जातात.

त्या दिवसानंतर आमचा सूर जुळला. मी चिडेन, ओरडेन, पण पैसे बुडवणार नाही आणि तपासल्याशिवाय घेणार नाही, हे तिला कळलं. ती लपवणार नाही, हे मला कळलं. रात्री जेवायला नेलं. माझ्यासाठी टोफू आणि पालेभाजी वेगळी काढायला लावली होती. तिच्या सासूबाईंनी चिवड्याचं पाकीट एकटीने संपवलं.

म्हणून माल आपोआप चांगला येऊ लागला असं नाही. आमच्याकडे 'चालतंय की' म्हणतात, त्यांच्याकडे 'छा-पु-त्वो', म्हणजे जवळपास तसंच. या एका शब्दात आख्ख्या ऑर्डरी वाहून जातात. माझ्या वहीत प्रत्येक खेपेच्या पन्नास बाटल्यांचं सरासरी वजन आहे. पहिली खेप २७२, दुसरी २७१, तिसरी २६८, चौथी २६१. कुणी ठरवून फसवत नाही. नळीवाला जरा पातळ नळी देतो, खरेदीवाला जरा स्वस्त घेतो, कुणी काही बोलत नाही, मग पुढच्या वेळी अजून जरा. चौथ्या खेपेला मी पत्र न लिहिता नुसता काट्यावरच्या बाटलीचा फोटो पाठवला. पाचवी २७३ आली. मामंजी तेव्हा हयात होते, त्यांना वही दाखवली. चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे तिकडेही किलोवरच घ्यायचं तर."

चिनी नववर्षाच्या आगेमागे ऑर्डर देऊ नये हे मात्र ऐकीव ज्ञान होतं आणि ते खरं निघालं. जानेवारी-फेब्रुवारीत कामगार दूरच्या प्रांतांतल्या आपल्या गावी जातात, कारखाना दोन-तीन आठवडे बंद. सगळे परत येतातच असं नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या महिन्यात वेल्डिंगवर नवा हात बसलेला असतो. आणि पावसाळ्यात न्हावा शेवाला उतरणाऱ्या कंटेनरला आतून घाम फुटतो, थेंब छतावरून खोक्यांवर पडतात, म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायला सांगायचं. एकदा सांगितलं नाही. चाळीस खोक्यांची तळं लापशीसारखी झाली होती.

२०२० च्या २९ जूनला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅट, म्हणजे चिनी लोकांचं व्हॉट्सॲप, होतं. निर्णयाबद्दल मी बोलत नाही. पण माझं सहा वर्षांचं सगळं बोलणं, मंजूर केलेली चित्रं, मापं, भांडणं, त्यातच होती आणि मी त्यातलं काही उतरवून ठेवलेलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट ईमेलवर आणि छापून फायलीत. मग करोना. जानेवारी २०२३ पर्यंत चीनच्या सीमा बंदच होत्या. त्या काळात डोळ्यांनी माल बघणं नाही, फक्त तपासनिसाचे फोटो आणि मालकिणीचा आवाज.

अशातच मार्च २०२२ मध्ये निकेल पेटलं. काही दिवसांपूर्वी टनाला तीस हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव ८ मार्चला लंडनच्या धातू बाजारात काही काळ एक लाखाच्या वर गेला आणि बाजाराने व्यवहारच थांबवले. माझी सहा हजार बाटल्यांची ऑर्डर फेब्रुवारीत पक्की झालेली, २.९५ डॉलरने. मालकिणीने ३.२५ मागितले. करारावर तिची सही होती, मी अडून बसू शकले असते. आमचे सीए म्हणालेही, "वहिनी, सही आहे ना, सोडू नका." पण मला बाहेरची भिंत आठवत होती. तोट्यात काम करणारा कारखाना तोटा कुठूनतरी भरून काढणारच. आम्ही वाढ निम्मी-निम्मी वाटून घेतली. मला ९०० डॉलर जास्त पडले, सत्तर हजारांच्या आत.

ते पैसे त्याच वर्षी परत आले, आणि चूक माझी होती. त्या सहा हजारांतल्या २,४०० बाटल्या एका पतसंस्थेच्या होत्या. त्यांवर लेसरने 'सभासदांस सप्रेम भेट' कोरायचं होतं. मी फाइल पाठवली, अक्षरांचा फाँट सोबत पाठवायला विसरले. त्यांच्या संगणकावर मराठी अक्षरांची मोडतोड झाली. त्यांनी नियमाप्रमाणे चित्र मंजुरीसाठी पाठवलं. मी लग्नाच्या पंगतीत, मोबाइलवर, बोटाएवढं चित्र बघून 'ओके' लिहून टाकलं. तपासनीस चिनी. त्याने माझ्या मंजूर चित्राशी ताडून पाहिलं, तंतोतंत जुळलं, पास. अहवालाचे फोटो रात्री माझ्या मुलीने मोठे करून पाहिले आणि ती हसायलाच लागली. 'प्र' सुटून 'प्'चा पाय मोडला होता, 'भेट'मधली मात्रा 'भ'ला सोडून स्वतंत्र उभी होती. २,४०० बाटल्या, प्रत्येकीवर. सत्तर टक्के अजून जायचे होते, पण चूक माझी असताना त्यांचा काय उपयोग?

मी फोन केला आणि सरळ सांगितलं की माझं चुकलं. मालकीण थोडा वेळ गप्प होती. मग तिने त्या सगळ्या बाटल्यांचा रंग उतरवून, पुन्हा रंगवून, पुन्हा कोरून दिल्या. माझ्याकडून फक्त नव्या रंगाचे घेतले, नगाला बावीस सेंट. मजुरी तिने सोडली. करारात असं कुठलं कलम नव्हतं.

२०२३ मध्ये पाण्याच्या बाटल्या आणि थर्मास यांना आयएसआय सक्तीचे आदेश निघाले. परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो, त्यासाठी अधिकाऱ्यांनी तिकडे जाऊन कारखाना तपासायला हवा. लहान कारखान्यांना ते जमण्यासारखं नव्हतं, माझ्या मालकिणीलाही नाही. मी आदेशाच्या विरोधात नाही. भुक्कड मालाला त्याने चाप बसला. बाटल्या आता मी इथल्याच एका कारखान्यातून घेते.

पत्रलेखकांना वाटतं तसा इथे प्रश्न संपायला हवा होता. पहिल्या ऑर्डरला मी तीन पानं पाठवली, मोहोरबंद नमुने मागितले आणि निघण्यापूर्वी दोनशे बाटल्या काढून बघणार म्हणाले. कारखानदार दुखावले. "मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का? आपण आपलीच माणसं." चीनमध्ये अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिकडे तपासणाऱ्याला खुर्ची देतात, गरम पाणी देतात, मनात शिव्याही देत असतील, पण तपासणी हा अपमान समजत नाहीत. इथे मला आधी चहा घ्यावा लागला, त्यांच्या वडिलांची चौकशी करावी लागली, मग दुपारी काटा बाहेर काढता आला. दोनशेत तेवीस निघाल्या. दोन महिने बोलणं बंद. आता त्यांनी स्वतः काटा घेतलाय आणि गाडी निघण्याआधी मला फोटो येतो. गेल्या खेपेचं सरासरी वजन २७०. आयएसआयचा शिक्का खोक्यावर आहेच, काटाही आहे.

एक मागणी मात्र आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. धातू ओळखणारं पिस्तुलासारखं यंत्र असतं. बाटलीला टेकवलं की काही सेकंदांत निकेल किती, मँगनीज किती, आकडे दाखवतं. किंमत लाखांत असल्याने एकेका दुकानदाराला झेपत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात एक ठेवा, नगाला पन्नास रुपये घ्या. पतसंस्था, सोसायट्या, शाळा दरवर्षी हजारांनी बाटल्या वाटतात आणि सगळ्या कोटेशनवर 'एसएस ३०४' लिहिलेलं असतं. आतलं की बाहेरचं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

त्या पत्रलेखकांना माझा फोन नंबर जरूर द्यावा, आपल्या कार्यालयात दिलेला आहे. त्यांनी बाटली घेऊन यावं. द्रावण आणि बॅटरी दुकानात गल्ल्याशेजारीच असते. थेंब लाल झाला आणि बाटली माझ्याकडची निघाली तर बदलून देईन. दुसऱ्या कुणाची निघाली तर सोसायटीने ती कितीला घेतली तेवढं मात्र मला सांगावं.

आपली एक वाचक,
भांडी बाजार, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)

ता. क. पत्र छापताना 'सप्रेम' आणि 'भेट' हे दोन शब्द कृपया एकदा मोठे करून बघावेत.